पिंपाची पारख

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



आजचा विषय नोटीस बोर्डावर लागल्यापासून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतली बर्बन नावाची व्हिस्की आणि ती ज्या लाकडी पिंपांत मुरते ती पिंपं, असा विषय आहे. तेव्हा आधीच सांगतो. कुणी प्यावी असं माझं म्हणणं नाही. बँकेच्या नोकरीत दारूपायी बुडालेली खाती आणि त्यामागची घरं मी भरपूर पाहिली आहेत. त्यामुळे मागच्या रांगेतल्या मंडळींनी चहा आणि बटाटेवड्यावरच समाधान मानायचं आहे.

मग हा विषय का? तर माझ्या नोकरीतली बरीच वर्षं माल-तारणाच्या कामात गेली. साखरेची पोती, कापसाच्या गाठी, कधी हळद. माल गोदामात, गोदामाला बँकेचं कुलूप आणि किल्ली आमच्याकडे. अशा माणसाला जगात कुठेही गोदाम दिसलं की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. आमची थोरली मुलगी आणि जावई केंटकी राज्यात लुईव्हिल गावी असतात. तिथे पाहुणा आला की एक तर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दाखवतात, नाही तर बर्बनची गोदामं. मी गोदामं निवडली. दोन मुक्कामांत चार-पाच पाहिली आणि घरी येऊन त्यावर वाचत बसलो.

आता बँकवाल्याच्या डोक्यात पहिला प्रश्न काय येतो बघा. गोदामात माल पडून राहिला की आमच्या पोटात गोळा यायचा. साखरेला पावसाळ्यात ओल धरते, रंग उतरतो, भाव पडतो. म्हणून नियम असा की आधी आलेला माल आधी बाहेर काढा. केंटकीत सगळं उलटं. तिथे माल चार वर्षं, आठ वर्षं, बारा वर्षं मुद्दाम पडू देतात. माल दरवर्षी कमी होतो आणि किंमत दरवर्षी वाढते. असं स्टॉक स्टेटमेंट माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी त्या पार्टीला उभंही केलं नसतं!

हे कसं होतं, ते समजून घेऊ.

बर्बन म्हणजे काय, हे अमेरिकेच्या कायद्यानं ठरवलेलं आहे. १९६४ साली तिथल्या संसदेनं ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन असल्याचं जाहीर केलं. आंबवणात किमान ५१ टक्के मका पाहिजे. पिंपात भरताना मद्यार्काचं प्रमाण ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. बाटलीत ते ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळलेलं आणि कोरं करकरीत नवीन पाहिजे. ‘स्ट्रेट बर्बन’ म्हणवून घ्यायचं असेल तर किमान दोन वर्षं त्यात राहिली पाहिजे. वरून रंग नाही, वास नाही, साखर नाही.

भट्टीतून बाहेर येते तेव्हा ही दारू पाण्यासारखी पांढरी स्वच्छ असते. तिचा तो मधाळ तांबूस रंग पूर्णपणे लाकडातून येतो, आणि चवीचाही फार मोठा हिस्सा तिथूनच येतो. म्हणजे पिंप हे नुसतं भांडं नाही. आपल्या लोणच्याच्या बरणीचं काम फक्त लोणचं सांभाळण्याचं असतं. इथे बरणीच लोणच्याला मसाला पुरवते, असं समजा.

पिंप साधारण २०० लिटरचं असतं. त्याला पांढरा ओक वापरतात, कारण त्याच्या लाकडातल्या नळ्या आतून आपोआप बुजलेल्या असतात आणि पिंप गळत नाही. तांबडा ओक दिसायला तसाच, पण झिरपतो. झाड कापलं की फळ्या महिनोन् महिने उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात. त्यानं लाकडातला तुरटपणा धुऊन जातो. मग ना खिळा, ना डिंक, फक्त लोखंडी पट्ट्यांनी आवळून पिंप तयार होतं, आणि मग आतून चक्क पेटवतात! जाळण्याचे चार दर्जे असतात. पहिल्याला साधारण १५ सेकंद, चौथ्याला ५५ सेकंदांच्या आसपास. चौथ्या दर्जाला आतलं लाकूड मगरीच्या पाठीसारखं खवल्याखवल्यांचं होतं, म्हणून त्याला नावही मगरीवरूनच पडलं आहे.

जाळायचं कशासाठी? वरचा कोळसा गाळणीचं काम करतो, नव्या दारूतला उग्र गंधकासारखा वास शोषून घेतो. कोळशाच्या खाली लाकूड नुसतं भाजलेलं असतं. तिथली लाकडातली साखर करपून कॅरॅमलसारखी होते. लिग्निन नावाच्या द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास तयार होतो. ओकमधल्याच काही द्रव्यांमुळे नारळासारखा गंध येतो. आणि टॅनिन असतं. थोडं असेल तर अंग येतं, जास्त झालं तर कोऱ्या चहाचा फार उकळलेला घोट घेतल्यासारखी जीभ आखडते.

उन्हाळ्यात दारू प्रसरण पावते आणि लाकडात शिरते. थंडीत आकसते आणि लाकडातला ऐवज घेऊन परत येते. केंटकीत उन्हाळाही कडक, थंडीही कडक. वर्षानुवर्षं हा श्वासोच्छ्वास चालतो. मराठीत याला एकच शब्द आहे, मुरणं.

पण मुरण्याची किंमत असते. लाकडातून वाफ उडत राहते. ही जी घट होते तिला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आम्ही बँकेत याला सरळ तूट म्हटलं असतं आणि खुलासा मागवला असता! केंटकीत ही घट वर्षाला ३ ते ५ टक्के धरतात. आता चक्रवाढ व्याजाचं कोष्टक उलटं करून बघा. वर्षाला ४ टक्के धरले तर २०० लिटरचे दहा वर्षांनी १३३ लिटर उरतात आणि वीस वर्षांनी ८८. निम्म्याहून जास्त माल हवेत गेला. उरलेल्याला भाव जास्त मिळतो, तो या हिशेबानं.

आता या व्याख्यानाचा गाभा. एकाच दिवशी, एकाच भट्टीतली, एकाच आंबवणाची दारू शंभर पिंपांत भरली, तर दहा वर्षांनी शंभर चवी निघतात. का?

पहिलं कारण आपल्याला लगेच पटेल, कारण आपण सगळे मजल्यांवर राहणारी माणसं आहोत. तिथली पुष्कळ गोदामं सात-सात, नऊ-नऊ मजल्यांची आहेत. लाकडी घोड्यांवर पिंपं आडवी रचलेली, एकेका गोदामात वीस-वीस हजार. भिंती कधी विटांच्या, कधी पत्र्याच्या. सगळ्यात वरचा मजला उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. आपल्या सातव्या मजल्यावरचे सभासद दर मे महिन्यात कमिटीला जे पत्र देतात, ते पत्र तिथल्या पिंपांनीही दिलं असतं. वरच्या पिंपात सगळं झपाट्यानं होतं. पाणी जास्त उडतं, मद्यार्क तीव्र होत जातो, लाकूड लवकर उतरतं. तळमजल्यावर गारवा असतो, तिथे सगळं सावकाश आणि सौम्य. वरचं पिंप सहा-सात वर्षांत तयार होईल आणि आणखी ठेवलं तर कडवट लाकडाची चव देईल. खालचं पिंप मात्र पंधरा वर्षंही टिकेल.

याला उपाय वेगवेगळे. मेकर्स मार्क ही कंपनी पिंपं वरून खाली हलवते, म्हणजे सगळ्यांना थोडं ऊन, थोडी सावली. फोर रोझेस कंपनीनं गोदामंच एकमजली ठेवली. बाकीचे बहुतेक जण वरची, मधली, खालची पिंपं एकत्र मिसळतात, की दरवर्षीची बाटली सारखीच लागावी.

आणि काही जण मिसळतच नाहीत. फ्रँकफर्ट गावच्या डिस्टिलरीत कर्नल अल्बर्ट ब्लँटन नावाचे प्रमुख होते. तिथे ‘एच’ नावाचं पत्र्याच्या भिंतींचं गोदाम आहे. त्याच्या मध्यभागातली पिंपं ते स्वतःसाठी आणि पाहुण्यांसाठी निवडून काढत, असं सांगतात. पुढे १९८४ साली तिथल्याच एल्मर टी. ली यांनी त्यांच्या नावानं एकेका पिंपाची वेगळी बर्बन बाजारात आणली. बाटलीवर पिंपाचा नंबर, गोदाम, रांग, तारीख सगळं हातानं लिहिलेलं. म्हणजे मालाचा पूर्ण पत्ता! आता तर दुकानदार आणि ग्राहकांचे गट स्वतः तिथे जातात. पिंपाच्या भोकातून तांब्याची लांब नळी आत सोडून नमुना काढतात. त्या नळीला तिकडे ‘चोर’ म्हणतात. तीन-चार पिंपांचे नमुने वास घेऊन, जिभेवर ठेवून, पाणी घालून तपासतात आणि एक पिंप अख्खं विकत घेतात. दहा वर्षांचं असेल तर त्यात पाणी न मिसळता पावणेदोनशेच्या आसपास बाटल्या निघतात. एकदा ते रिकामं केलं की ती चव संपली. पुन्हा हुबेहूब तशी मिळत नाही.

दुसरं कारण लाकूड. एका पिंपाच्या तीसेक फळ्या वेगवेगळ्या झाडांच्या असतात. कुठलं झाड, कसली वाढ, कोण जाणे. याचा छडा लावायला त्याच फ्रँकफर्टच्या डिस्टिलरीनं, तिचं आजचं नाव बफेलो ट्रेस, एक प्रयोग केला. मला स्वतःला या सगळ्या विषयात तो सगळ्यात जास्त भावला.

त्यांचे गोदामप्रमुख होते रॉनी एडिन्स. १९९९ साली ते मिसुरी राज्यातल्या ओझार्क डोंगराळ भागात गेले आणि त्यांनी ९६ ओकची झाडं निवडली. प्रत्येक झाडाच्या वरच्या भागाचं एक पिंप आणि खालच्या भागाचं एक. एका पिंपात एकाच झाडाच्या फळ्या. झाली १९२ पिंपं. आता गणित बघा. आंबवणात मक्याच्या जोडीला राय किंवा गहू, दोन प्रकार. भरतानाची तीव्रता, दोन. फळ्या सहा महिने वाळवलेल्या किंवा बारा महिने, दोन. जाळण्याचे दर्जे, तिसरा किंवा चौथा. गोदामं दोन तऱ्हेची. झाडाचा भाग वरचा की खालचा. ही सहा वेळा दोन, म्हणजे ६४. आणि लाकडातल्या वर्तुळांची दाटी तीन प्रकारची. ६४ त्रिक १९२. एकही जोडी सुटली नाही, एकही दोनदा आली नाही. ऑडिटरनं सुद्धा शाबासकी द्यावी असं काम.

आठ वर्षं पिंपं मुरली. २०११ पासून २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं त्या बाटल्या लोकांपुढे आल्या. पिणाऱ्यांनीच गुण दिले. शेवटी ८० नंबरचं पिंप पहिलं आलं. झाडाच्या खालच्या भागाचं, रायच्या आंबवणाचं, बारा महिने वाळवलेल्या फळ्यांचं.

पण रॉनी एडिन्स यांनी तो निकाल पाहिला नाही. २०१० मध्ये ते वारले. पहिली बाटली बाजारात आली ती त्यानंतरच्या वर्षी. ज्या माणसानं जंगलात जाऊन झाडावर हात ठेवून ‘हे घ्या’ म्हटलं, त्याला कुठलं झाड खरं उतरलं हे कळलंच नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आपण सत्तरी ओलांडलेली माणसं अशा ठिकाणी थांबतोच.

या धंद्यात हे रोजचंच आहे म्हणा. आज पिंप भरणारा माणूस बारा वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकासाठी भरतो. तेव्हा गिऱ्हाइकाला काय आवडेल, कर काय असेल, आपण असू की नसू, काही माहीत नाही. आजमितीला केंटकीत एक कोटीहून जास्त पिंपं मुरत पडली आहेत. राज्याची लोकसंख्या ४५ लाख. माणशी दोनहून जास्त पिंपं! तेवढं भांडवल अडकून आहे, आणि मुरणाऱ्या पिंपांवर मालमत्ता कर भरावा लागतो तो वेगळाच. तो टप्प्याटप्प्यानं २०४३ पर्यंत बंद करायचा, असा कायदा तिथे २०२३ मध्ये झाला.

आणखी एक गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे, ती कुलपाची. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बाजारात बनावट माल फार. कच्च्या मद्यार्कात रंग आणि वास मिसळून ‘जुनी व्हिस्की’ म्हणून विकायचे. तेव्हा कर्नल एडमंड टेलर या डिस्टिलरीवाल्यानं सरकारचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या साथीनं जोर लावला आणि १८९७ साली ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्के तीव्रतेची असेल, तरच हे नाव लावता येईल. गोदामावर मालकाबरोबर सरकारी माणसाचाही ताबा. अन्नभेसळीचा मोठा कायदा तिकडे १९०६ मध्ये आला. त्याच्या नऊ वर्षं आधी व्हिस्कीच्या गिऱ्हाइकाला संरक्षण मिळालं होतं. दोन किल्ल्यांचं कुलूप किती कामाचं असतं, ते मला कुणी सांगायला नको.

पिंपाचं पुढे काय होतं? बर्बनला दर वेळी नवं पिंप लागतं, त्यामुळे वापरलेलं पिंप तिथे पुन्हा चालत नाही. ती जुनी पिंपं स्कॉटलंडला, आयर्लंडला जातात, कॅरिबियन बेटांत रम मुरवायला जातात. आणि आपल्या गोव्यातही येतात! कुंकळ्ळीला पॉल जॉन ही माल्ट व्हिस्की अशाच बर्बनच्या पिंपांत मुरवतात. फक्त आपल्या हवेत देवदूत जरा जास्तच तहानलेले. स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्के घट, तर आपल्याकडे गोवा-बंगळुरूला ८ ते १२ टक्क्यांपर्यंत. म्हणून आपल्याकडे पाच-सहा वर्षांत जे होतं, त्याला तिकडे कितीतरी जास्त वर्षं लागतात. नुसत्या वयाच्या आकड्याला काही अर्थ नाही, तो आकडा कुठल्या हवेतला हे विचारावं लागतं.

यातून एक गोष्ट मला आपल्या ज्येष्ठ मंडळींना, म्हणजे स्वतःलाही, सांगायची आहे. ‘जुनं ते सोनं’ हे पिंपांना सरसकट लागू होत नाही. वेळेवर बाहेर काढलं नाही तर जुनं नुसतं कडू होतं. २००६ मध्ये वादळानं त्याच बफेलो ट्रेसच्या ‘सी’ गोदामाचं छप्पर आणि भिंतीचा भाग उडवला. पिंपं काही महिने उघड्यावर राहिली. सगळ्यांना वाटलं, माल गेला. पण ती दारू उत्तम निघाली, इतकी की हवा-उजेडाचा परिणाम तपासायला त्यांनी पुढे मुद्दाम एक प्रयोगाचं छोटं गोदाम बांधलं. तेव्हा मुरायला काळ लागतो हे खरं, पण थोडी मोकळी हवाही लागते. आमच्या वयात रोज संध्याकाळी खाली बागेत येऊन बसावं, चार तरुण मुलांशी बोलावं, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट सगळ्या सभासदांसाठी, आणि ती जरा हिशेबाची आहे. आपल्या सोसायटीची पहिली कमिटी झाली, तेव्हा इमारतीला रंगाचा वास होता. त्या नव्या इमारतीत त्यांनी पहिल्या वर्षापासून सिंकिंग फंड गोळा केला. उपविधीत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सांगितलेला आहे, त्यांनी त्याहून थोडा जास्त ठरवला. त्यावर पहिल्या वार्षिक सभेत केवढा गोंधळ झाला होता, जुन्या लोकांना आठवत असेल. ‘नव्या इमारतीला दुरुस्ती कसली?’ असा प्रश्न होता. तीन वर्षांपूर्वी खांबांची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा सर्वसाधारण सभेच्या ठरावानं तोच फंड वापरला आणि कुणाच्याही दारात जादा वर्गणीची नोटीस लागली नाही. त्या पहिल्या कमिटीतले चार जण आज आपल्यात नाहीत.

फंड आता बराच खाली आला आहे. येत्या सभेत वर्गणी वाढवायचा विषय आहे. ज्यांची मुलं परदेशी आहेत, ज्यांचं वय माझ्याएवढं आहे, त्यांच्या मनात येणं स्वाभाविक आहे की पंचवीस वर्षांनंतरच्या दुरुस्तीशी आपला काय संबंध. मी माझ्यापुरतं सांगतो. मी हात वर करणार आहे. पिंप आपण भरून ठेवायचं. ते कोण उघडेल याची चौकशी करायची नाही.

  चहा बाहेर तयार आहे, तो मात्र फार मुरू देऊ नका.